समोरच्या दारातली प्रार्थना

महापालिकेच्या शाळेत प्रार्थना सुरू झाली, तेव्हा फाटकासमोरच्या खोलीच्या दारात सहा वर्षांची एक मुलगी पातेलं घासत होती. तिने ते पायरीवर ठेवलं, ओले हात जोडले आणि डोळे मिटले. प्रार्थना संपली, मुलं वर्गात गेली आणि ती पुन्हा पातेलं घासू लागली.

या शाळेत पहिलीच्या जागा मोजक्याच असतात आणि जवळ राहणाऱ्यांना आधी घेतात. मी लेकीला दोन बस बदलून आणतो. नावनोंदणीला मी मेव्हण्याच्या इथल्या खोलीचा खोटा भाडेकरार जोडला होता. या मुलीच्या आईकडे कसलाच कागद नव्हता. ती इथे नुसती राहत होती. शेवटची जागा आम्हाला मिळाली. त्या दिवशी मी घरी पेढे नेले आणि ते मला गोडही लागले.

आज तिची आई म्हणाली, "दादा, तुम्ही ह्याच गल्लीतले ना? मग वहिनी कधी नळावर कशा दिसत नाहीत?"

"आमच्याकडे पाणी आत येतं."

"मजा आहे तुमची," ती हसली. "पुढच्या वर्षी हिच्यासाठी एक शब्द टाका की. दुसरी शाळा हायवेपलीकडे आहे, एकटीला कशी पाठवू? तुमचं ऐकतील ते."

"टाकतो," मी म्हणालो. बसची वेळ झाली होती. पण ती बघत होती, म्हणून मी थांब्याकडे न जाता गल्लीत आत वळलो.