घेतली का?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या बहिणीच्या नवऱ्याला दारू पिऊन आला म्हणून दवाखान्याच्या दारातून परत पाठवण्यात आलं. त्याच दुपारी माझी बहीण दोन्ही मुलांना घेऊन त्याच्या घरातून निघाली आणि जामसरला आमच्या वडिलांकडे आली. तो दारू प्यायलेला नव्हता.

दवाखाना एका ट्रस्टचा आहे, जव्हार-मोखाडा रस्त्यालगत. आठवड्यातला एक दिवस तिथे मानसिक आजारांचे रुग्ण तपासत. लोक त्याला डोक्याचा वार म्हणत. डॉक्टर महिन्यातून एकदा नाशिकहून येत. बाकीचे वार एक सिस्टर सांभाळत असे. ती सातारा भागातली, मनोरुग्णांच्या शुश्रूषेचं शिक्षण घेतलेली. त्या काळात मी जव्हारहून एका दैनिकाला बातम्या देत होतो. पुढचं जे मी स्वतः पाहिलं नाही ते हजर असलेल्या माणसांकडून विचारून घेतलं आहे.

बहिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणतो. त्याचं घर सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर आहे. थोडं भात, थोडी नागली, उन्हाळ्यात मिळेल ते काम. त्याला दोन आजार होते. एक बायपोलर. काही आठवडे तो झोपत नसे, डोंगर फोडून विहीर काढतो म्हणून एकटाच पहार घेऊन निघे. नंतरचे काही आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राही. दुसरा आजार दारूचा. पहिला चढला की तो पीत असे, आणि पिणं वाढलं की पहिला चढत असे. व्यसनमुक्ती केंद्राने सांगितलं की मनोरुग्णाला आम्ही ठेवत नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी दारू सोडवा, मग औषध देऊ. अशी काही वर्षं गेली.

एका उन्हाळ्यात त्याने घरातली भाताची कणगी पेटवली. वर्षाचं भात जळालं. तेव्हा पाड्यावर दोन्हीकडच्या माणसांची बैठक झाली. माझ्या वडिलांनी अट घातली.

"आता एकदा जरी प्याला, तर पोरगी आणि पोरं माझ्याकडे. परत मागायला यायचं नाय."

दाजी म्हणाला, "कबूल."

"तुझं कबूल मी पाच वेळा ऐकलंय."

"हे शेवटचं."

त्यानंतर सिस्टरने त्याला हाती घेतलं. दोन्ही आजार एकत्रच धरायचे असं तिचं म्हणणं होतं. दारू सुटताना त्याला झटके आले तेव्हा ती दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून होती. डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं. या औषधाचं प्रमाण रक्तात ठरावीक मर्यादेतच राहावं लागतं, कमी झालं तर उपयोग नाही आणि वाढलं तर विष. सिस्टरने हे माझ्या बहिणीला घरी येऊन समजावलं. भरपूर पाणी प्यायला द्यायचं. जेवणातलं मीठ कमी करायचं नाही. दुखण्यावरची गोळी न विचारता द्यायची नाही. आणि काही झालं तरी रात्रीची गोळी चुकवायची नाही.

बहीण म्हणाली, "बाकी सगळं करीन सिस्टर. भरपूर पाणी तुम्ही पाठवणार का?"

सिस्टर हसली. तेव्हा पावसाळा होता आणि घरामागून ओहोळ वाहत होता.

दर भेटीत सिस्टरचा पहिला प्रश्न असे, "दादा, गोळी घेतली का?" काही महिन्यांनी त्यातला गोळी हा शब्द गळाला. ती नुसतं "घेतली का?" विचारायची, तो "घेतली" म्हणायचा. पावसाळा गेला, भात झोडून झालं, होळी झाली. दाजीने दारूला हात लावला नाही. बहीण शेजारणींना सांगे की आता हा माणूस माझ्या ओळखीचा झालाय.

मार्च सरता पाड्याची विहीर आटली. टँकर विहिरीत पाणी ओतून जायचा आणि बायका ते वाटून घ्यायच्या. पिण्याचं पाणी आधी मुलांना, मग म्हातारीला, म्हणजे दाजीच्या आईला. दाजी रस्त्याच्या कामावर खडी उचलत होता. दिवसभर घाम आणि घरी आल्यावर तांब्याभर पाणी. कंबर धरली म्हणून मुकादमाने त्याला औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या. त्या तो कामावरच खात होता. घरात कोणाला माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये त्याचे हात कापायला लागले. मग चाल बिघडली. जीभ जड झाली. पाड्यावरच्या लोकांना हे सगळं ओळखीचं होतं.

"रस्ता वाकडा झाला का रं तूच?" टँकरपाशी एकाने विचारलं.

"नाय पेलो," दाजी म्हणाला.

"नाय पेलास म्हणून तर सरळ चाललायस."

बायका हसल्या. माझी बहीण हंडा घेऊन तिथेच उभी होती. घरी आल्यावर तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. तंबाखूचा आला. तंबाखूखाली आणखी काय लपतं ते तिला जुन्या दिवसांपासून ठाऊक होतं. तिने गोळी मात्र चुकवली नाही. उलट जास्त लक्ष देऊन द्यायला लागली. उलटी झाली तर थांबून पुन्हा द्यायची. गोळी चुकली तर आजार चढतो आणि आजार चढला तर हा पितो, असं तिला शिकवलेलं होतं आणि ते खरं होतं.

डोक्याच्या वारी तो एकटा निघाला. जीपमध्ये त्याला उलटी झाली. दवाखान्याच्या पायऱ्या तो कठड्याला धरून चढला. पुढचं मला दारावरच्या राखणदाराने, रांगेतल्या एका बाईने आणि खुद्द सिस्टरने वेगवेगळं सांगितलं. तिघांचं जुळतं.

राखणदार म्हणाला, "काय सरकार, सकाळीच विमान?"

रांग हसली. सिस्टर आत एका रुग्णाचं रक्त काढत होती. आवाज ऐकून ती दारात आली. सुई तिच्या हातातच होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घेतली का?"

"घेतली," दाजी म्हणाला.

"कधी?"

"काल रातच्याला."

"रोज घेतोस?"

"रोज. एक दिस चुकवली नाय."

रांग पुन्हा हसली. इतके महिने सिस्टर त्याला तुम्ही म्हणत होती. त्या दिवशी ती म्हणाली, "जा घरी. उतरली की बायकोला घेऊन ये." राखणदाराने त्याला दंडाला धरून पायऱ्यांवरून खाली उतरवलं.

सूर्यमाळकडच्या पाड्यांवर दारू 'पितात' असंच म्हणतात. दारू 'घेतात', हे शहरातल्या आणि शाळेतल्या मराठीत. घरात दाजी मराठी नाही, पाड्याची बोली बोलतो. घेणं हा शब्द गोळीसाठी वापरायला त्याला सिस्टरनेच शिकवलं होतं. तिने दारूचं विचारलं आणि त्याने गोळीचं सांगितलं. रांगेतली बाई पाड्यावरची होती. तिला शब्द कळला होता का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "शब्द कोण ऐकतंय? तो झुलत होता ते बघत होतो."

बातमी त्याच्या आधी घरी पोचली. जीपवाल्याने आणली. तोपर्यंत तिच्यात "घेतली" उरलं नव्हतं. "सिस्टरसमोर कबूल केलं, रोज पितो म्हणाला," असं जीपवाल्याने सांगितलं. बहिणीने मुलांचे कपडे पिशवीत भरले. गोळ्यांची पाकिटं सासूच्या हातात दिली. "उतरली की द्या. चुकवू नका," एवढं सांगून निघाली.

म्हातारीने गोळ्या दिल्या. काही दिवसांनी दाजी विहिरीकडे जाताना पडला आणि उठला नाही. चादरीच्या झोळीतून त्याला रस्त्यापर्यंत आणलं.

जीपवाला म्हणाला, "ओकणार असला तर टपावर टाका."

टपावर नाही, पण मागे, बसलेल्यांच्या पायाखालच्या फळीवर टाकून आणलं. मला फोन आला तेव्हा ते नाशिकच्या वाटेवर होते. मी तिथल्या रुग्णालयात पोचलो तोवर त्याचे दोन्ही हात खाटेला बांधलेले होते. विचारल्यावर म्हातारीने सांगितलं होतं की पितो, त्यामुळे दारूच्या रुग्णाचे उपचार चालू होते. अंधार पडायला लागला तशी म्हातारीने पदराची गाठ सोडली, त्यातून गोळी काढली आणि त्याचे दात उघडायला लागली.

तिथली तरुण डॉक्टर धावत आली. "आजी, काय देताय?"

"रातची गोळी. सिस्टर बोलली, चुकवायची नाय."

डॉक्टरने गोळी हातात घेतली, पाकीट मागितलं आणि वाचलं. मग लगेच रक्त काढलं. रक्तात दारू नव्हती. लिथियम होतं, शरीराला सोसेल त्याहून फार जास्त. पाणी कमी पडलं, घाम गेला, त्यात दुखण्याच्या गोळ्या. मूत्रपिंडांनी औषध बाहेर टाकणं कमी केलं होतं. हात कापणं, झोकांड्या, जड जीभ, उलट्या, ही सगळी त्या विषाची लक्षणं होती. त्याला यंत्रावर घेऊन रक्त शुद्ध करण्यात आलं. तो वाचला.

मी जामसरला जाऊन वडिलांना सांगितलं. ते अंगणात सुंभ वळत होते.

"प्याला नव्हता? मग एवढ्या लोकांनी बघितलं ते काय?"

"गोळ्यांचं विष झालं होतं."

"गोळ्या कोण देत होतं?"

बहीण चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मी."

वडील सुंभ वळत राहिले.

सिस्टर सुट्टी काढून नाशिकला आली. दाजी उशीला टेकून बसला होता. तिने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही घेतली म्हणालात. काय घेतली होती?"

त्याने उत्तर दिलं. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा शब्द सुटा झाला.

"गोळी. तुम्ही गोळीचंच विचारता ना?"

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "रक्त काढायची सुई हातात होती माझ्या." झालेलं सगळं तिने ट्रस्टला स्वतः कळवलं. ट्रस्टने त्या दवाखान्यातून लिथियम बंद केलं. ज्यांना ते नीट लागू पडलं होतं त्यांचंही औषध बदललं. त्यांतल्या एका बाईचा आजार पावसाळ्यात उलटला.

जूनमध्ये, लावणीच्या आधी, बहीण मुलांना घेऊन परत गेली. अट मोडलेली नव्हती, हे वडिलांनीही मानलं. दाजी नव्या औषधावर होता. झोप नीट, डोकं शांत, दारू नाही. पण चाल सुधारली नाही. जीभही नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या ज्या भागातून तोल सांभाळला जातो तिथे इजा झाली आहे आणि आता यापुढे फारसा फरक पडणार नाही.

लावणीच्या चिखलात तो उभा राहू शकत नव्हता. बांधावर बसून रोपांच्या जुड्या फेकायचा. त्या भलतीकडे पडायच्या.

"सकाळपासून लावलीय का?" शेजारच्या वावरातून कोणी विचारायचं. खरं काय ते सगळ्यांना माहीत झालं होतं. तरी विचारायचे.

जीपवाले त्याला पाहून थांबत नसत. सिस्टर घरी येऊन त्याला काठीने चालायला आणि शब्द तोडून बोलायला शिकवत होती. तो तिचं ऐकायचा. तिच्यावर तो रागावल्याचं मला कोणीही सांगितलं नाही. पाड्याच्या शाळेच्या पटांगणात मुलं त्याच्यासारखी चालून दाखवत. सगळ्यांत हुबेहूब चाल धाकट्याची होती, त्याच्या स्वतःच्या मुलाची. मोठ्या मुलीने त्यावरून धाकट्याला दगड मारला. त्याच्या कपाळाला टाके पडले.

गौरीनंतर पुन्हा बैठक झाली. या वेळी बैठक बहिणीने मागितली होती.

दाजीचा चुलता म्हणाला, "अट दारूची होती. पोरगा पेला नाय. आता कशापायी जातेस?"

"पेला असता तर बरं होतं," बहीण म्हणाली. "दारू सकाळी उतरायची. हे उतरत नाय."

"त्याचा काय गुन्हा?"

"काय नाय."

"मग?"

"त्याचा काय गुन्हा नाय. तरी मी नाय राहत."

चुलत्याने माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "पोरगी माझी, पोरं माझी. मागंच ठरलंय."

"ते पेला तर ठरलं होतं."

"दिसतो तर तसाच."

काही जण हसले. दाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याने काहीतरी म्हटलं. कोणाला कळलं नाही आणि परत म्हण असंही कोणी म्हटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन्ही मुलांची नावं जामसरच्या शाळेत घातली.