सुकेळीचा वास

टोरांटोजवळ व्हिटबीत आमच्या शेजारी सिरील राहतो. मूळचा वसईतल्या निर्मळचा. टोरांटोतल्या एका जपानी रेस्टॉरंटसाठी साके निवडायचं काम तो करतो. साके म्हणजे जपान्यांची तांदळाची दारू. मी पुण्याची, दारूतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी दर हिवाळ्यात तो साके चाखायला चार लोकांना बोलावतो तेव्हा मी आवर्जून जाते, त्याची बायको युनिस फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव, करते म्हणून.

साकेची लांबलचक जपानी नावं सिरील आम्हाला सांगतच नाही. त्याने स्वतःची नावं ठेवली आहेत. साधी, भाताचा वास येणारी ती ‘पेज’. पिकल्या फळाचा वास येणारी ‘केळं’. आणि वर्षानुवर्षं मुरवलेली, काळपट गोड वासाची ती ‘सुकेळी’. त्याच्या वडिलांची केळीची वाडी होती. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून ते सुकेळी करायचे आणि नुसत्या वासावर तयार झाली की नाही ते सांगायचे.

मग एका उन्हाळ्यात त्यांना तो वास येईनासा झाला. पुढे हात थरथरायला लागले, आणि शेवटी घोटभर पाणीही गिळता येईना. नाक जाणं हीच त्या दुखण्याची पहिली खूण होती, हे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं. सिरील हे सगळं हसत हसत सांगायचा आणि नाकावर टिचकी मारून म्हणायचा, हे शाबूत आहे तोवर मला भीती नाही. आम्हीही हसायचो. कशाला हसायचो, देव जाणे.

या हिवाळ्यात गेले तर युनिस किचनमध्ये गप्प गप्प होती. विचारलं तेव्हा म्हणाली, परवा दूध करपून घरभर वास सुटला आणि सिरील शेजारीच पेपर वाचत बसला होता. सर्दी असेल, मी म्हटलं. सर्दी नाही, ती म्हणाली. मला तिचा रागच आला. माणसं उगाच वाईट तेच धरून बसतात. मी तिला तिथेच सोडून बेसमेंटचा जिना उतरले.

बाटल्या ओळखू येऊ नयेत म्हणून कागदी पिशव्यांत घातलेल्या, कप काळे. ओतायचं काम माझ्याकडे. पेज झाली, केळं झालं, आणि तिसऱ्या वेळी मी वेंधळेपणाने पुन्हा पेजेचीच बाटली उचलली. चूक लक्षात येईपर्यंत सिरीलने कप नाकाशी नेऊन घोटही घेतला होता. नेहमीसारखे डोळे मिटून तो म्हणाला, “सुकेळी. आमच्या वाडीतली. फिनिश बघा किती लाँग आहे, चव जिभेवरून हलतच नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या नवऱ्याने, परीक्षितनेही डोलावली, ज्याने जन्मात सुकेळी पाहिलेली नाही. मी तोंड उघडणार तोच युनिसने माझा दंड धरला. तिने पाहिलं होतं. सुकेळीची बाटली माझ्या पायाशी तशीच बंद होती.

शेवटचा ग्लास सिरील स्वतः भरतो. लाकडी चौकोनी पेल्यात ग्लास ठेवायचा आणि साके ग्लासातून उतू जाऊन पेल्यात सांडेपर्यंत ओतायची, अशी जपानी रीत आहे. बाटलीचं तोंड ग्लासावर खडखडलं. साके पेल्यात सांडली, मग टेबलावरही. “सांडू दे,” तो म्हणाला, “सांडणं म्हणजे पाहुण्याचा मान.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. रीतच आहे तशी, असं मीही स्वतःला समजावलं.

बाकीचे पाहुणे गेले, परीक्षित आमच्या दारातला बर्फ काढायला गेला. युनिसने वर चहा केला. तिच्या हातातली किटली सिरीलने हट्टाने घेतली. चहा कपातून बशीत आला, बशीतून टेबलक्लॉथवर. इथे खाली लाकडी पेला नव्हता, आणि टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. त्याने किटली ठेवली आणि उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला.

“चैत्राली, ती तिसरी बाटली तू उघडलीच नाहीस ना?”

नाही, मी म्हटलं. मला रडू येत होतं.

“वाटलंच. मी नुसतं आठवून बोललो.” मग युनिसकडे वळून म्हणाला, “आण ती. एकदा बघू दे.”

युनिस खाली जाऊन बाटली घेऊन आली. त्याच्या पाठीमागे ओट्यापाशी तिने झाकण काढलं. तो डोळे मिटून बसला होता. तिने बाटली त्याच्या नाकाखाली धरली. किचनभर गोड, काळपट वास पसरला, माझ्यासारखीलाही कळला. सिरीलने लांब श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

“युनिस,” तो म्हणाला, “आधी उघड तरी.”