बारवेकडची वाट

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या बसस्टँडवर तीर्थपुरीच्या गाडीसाठी उभी होते. रविवार होता. पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत दोघींपुरत्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. तिच्याकडेच निघाले होते. "अंगण झाडता झाडता खाली बसल्या, अन् मंग उठल्याच न्हाईत," शेजारची मुलगी रडत सांगत होती. तेवढ्यात गाडी लागली. कंडक्टरनं "चला, चला" केलं आणि मी चढले. दुसरं कुठं जाणार होते...

जालन्यात बँकेत आम्ही शेजारशेजारच्या काउंटरला बसायचो. ती माझ्याहून मोठी. नवऱ्यामागं मुलाला एकटीनं वाढवलेली, कामापुरतं बोलणारी. निवृत्त झाल्यावर मुलानं, अभिजितनं, तिला इंग्लंडला बोलावून घेतलं. डर्बीशरमधल्या एका लहान गावाच्या टोकाला त्याचं घर. तो आणि सून कामावर गेले की ही घरात एकटी. पहिला महिना तिनं खिडकीत बसून काढला. मग एकदा तिला दिसलं की मागच्या दगडी कुंपणाला एक लाकडी फाटक आहे, खांबावर पिवळा बाण आहे आणि माणसं त्यातून खुशाल शेतात शिरतात. अभिजितनं सांगितलं, ही जुनी पायवाट आहे. शेत कुणाचंही असो, इथून कुणीही चालावं, मालकाला अडवता येत नाही. ताईला ते खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी कुत्रं घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या मागोमाग, साडीवर मुलाचं जाकीट चढवून, ती त्या फाटकातून बाहेर पडली. त्यानंतर रोजच.

फोनवर मला सगळी वर्णनं ऐकायला मिळायची. घोड्यापुरता रुंद दगडी पूल, पडक्या मठाच्या कमानी, कालव्याकाठचा गवताळ रस्ता. "या पुलावरून घोड्यांवर मीठ जायचं गं, आपल्याकडं लमाण बैलांवरून न्यायचे तसं." एकदा वाट थेट एका शेतकऱ्याच्या अंगणातून निघाली. "मी आपली माघारी वळले, तर एक म्हातारी बादली ठेवून बाहेर आली. म्हणाली, या की, वाट आमच्या घराच्याही आधीची आहे. मी विचारलं, लोकांचा त्रास न्हाई का होत? तर म्हणते कशी, नवरा गेल्यापासून दिवसाकाठी माणूस दिसतं ते या वाटेमुळंच." मग ताई म्हणाली, "शकू, आमच्या गावातनं बारवेला अशीच वाट जायची बघ."

परत आल्यावर ती जालन्यात राहिलीच नाही, सासरच्या गावी गेली. बारव म्हणजे ओढ्याकाठची पायऱ्यांची जुनी विहीर, तिच्या पलीकडं स्मशान. गावात नळ आले, डांबरी रस्ता दुसऱ्या बाजूनं झाला आणि बारवेची गाडवाट दोन्हीकडच्या नांगरांनी एकेका सरीनं खाऊन टाकली. ताईच्या स्वतःच्या शेतानंही खाल्ली होती. तिनं आधी आपल्या रानातला पट्टा मोकळा सोडला. पुढचं रान दत्तरावांचं.

"वहिनी, तिकडचं इथं लागू न्हाई," ते म्हणाले. "आज तुम्ही पायी चालताल, उद्या कुणी ट्रॅक्टर घालील. मंग मी कुणाकुणाला अडवू?"

"मी तहसीलला जाणार न्हाई, भावजी. बांधावरून तेवढं जाऊ द्या."

"बांधावरून जा की. त्याला कोण न्हाई म्हणतंय?"

मला त्यांचा राग आला होता. ताईला नाही. "थोडं रान असलेल्या माणसानं भ्यावंच," ती म्हणाली. दर रविवारी आम्ही दोघी त्या बांधावरून जायला लागलो. बांध अरुंद, वर बाभळीचे काटे. गावातल्या बाया आधी हसल्या, मग त्यातल्या दोघी-तिघी आमच्या मागं यायला लागल्या. बारवेच्या पायरीवर बसून दशम्या खायच्या आणि माघारी फिरायचं, एवढंच.

उन्हाळ्यात एकदा दत्तरावांच्या आखाड्यावरून, रानातल्या घराकडून, हाक आली. त्यांची म्हातारी आई बाजेवर बसली होती. "कुठं जाऊन राह्यल्या गं?"

"बारवेला, आत्याबाई."

"मला बी न्या. लगीन होऊन आल्ते तवा पहिली घागर तिथंच भरल्ती."

"आई, बांधावरून पडशील," दत्तराव म्हणाले. तिनं ऐकलं नाही. ताई तिचे दोन्ही हात धरून पुढं, मी मागं. निम्म्यावर म्हातारीचे पाय लटलटायला लागले. समोर बारवेचा कठडा दिसत होता, पण तिथवर जाणं होईना. ती तिथंच उभी राहून रडली. दत्तराव खोरं धरून लांबून पाहत होते.

पेरणी झाली तेव्हा त्यांनी नेहमीसारखं बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन पेरलं. मी चिडले. "घाई करू नको," ताई म्हणाली, "त्यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कुठं माहीत?" पुढचे दोन-तीन रविवार पावसामुळं माझं जाणं झालं नाही, आमची ती शेवटची भेट.

अभिजित दुसऱ्या दिवशी पोचला. डांबरी रस्त्यानं न्यायला टेम्पो आणून ठेवला होता. तिरडी उचलताना दत्तराव पुढं आले. "टेम्पो नको. वहिनीला वाटेनं न्यायचं."

"अन् तुमचं सोयाबीन?" कुणीतरी विचारलं.

"चला म्हणलं ना."

त्यांनीच खोऱ्यानं बांध फोडला आणि पुढं होऊन खांदा दिला. सोयाबीन पोटरीला लागत होतं. लोक ओळींच्या मधून पीक वाचवत चालायला लागले, तसं त्यांनी मान वळवून सांगितलं, "नीट चला. दबलं तर दबू द्या." मी मागून चालत होते. ताई असती तर कडेकडेनंच गेली असती, असं सारखं मनात येत होतं.

परवाच्या रविवारी गेले होते. मोडलेल्या जागी दत्तरावांनी पुन्हा पेरलं नव्हतं. दोन्ही बाजूंना कमरेएवढं पीक, मध्ये चालण्याजोगा मोकळा पट्टा. त्या पट्ट्यातून आत्याबाई लेकाच्या खांद्यावर हात ठेवून, सावकाश पाऊल टाकत समोरून येत होती. लुगड्याचा काठ ओला झाला होता. माझ्याजवळ येऊन ती थांबली, दम घेतला.

"पाणी हाय गं अजून," ती म्हणाली.