गुणवंतरावांची साक्ष

जबलपुरात चेरीतालला राहणाऱ्या वसुधाताईंना नवरा गेल्यावर घर खायला उठायचं. पुण्याहून आलेल्या मुलीनं, प्रणालीनं, टीव्हीवर एक परदेशी मालिका लावून दिली. "मम्मी, हिंदीत आहे. पाहत जा, वेळ जाईल."

मालिका युद्धाची होती. एका सैनिकानं निःशस्त्र कैद्याला मारलं होतं आणि त्याच्या सोबत्याला कोर्टात खरं सांगायचं होतं. त्या सोबत्याची बायको हात जोडून त्याला म्हणाली, "चुप रहो. हमें इन्हीं लोगों के बीच रहना है."

वसुधाताईंनी टीव्ही बंद केला. ऐन तिशीत, जबलपूरच्या फौजी क्वार्टरमध्ये, त्यांनीही नवऱ्यापुढे, गुणवंतरावांपुढे, असेच हात जोडले होते. सीमेवर त्यांच्याच तुकडीतल्या दिवाकरनं हात वर केलेल्या मेंढपाळावर गोळी झाडली होती. चौकशीत गुणवंतरावांनी पाहिलं ते सांगून टाकलं. दिवाकरला कैद झाली. शेजारच्या बायका वसुधाताईंना पाहून दार लोटू लागल्या. दिवाकरची बायको क्षमा त्यांची जिवाभावाची मैत्रीण होती. तिनंही बोलणं टाकलं. गुणवंतरावांनी शेवटपर्यंत पश्चात्ताप केला नाही, पण त्यांच्याकडं फौजेतला कुणी फिरकला नाही. आणि "तुम्ही बरोबर केलं" हे वसुधाताईंच्या तोंडून कधी निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ऑटोनं कांचघर भागात क्षमाकडे गेल्या. क्षमानं दार उघडलं. केस पांढरे झालेले, कपाळ मोकळं. दिवाकर सुटून आला आणि थोड्याच वर्षांत गेला, हे वसुधाताईंनी ऐकलं होतं.

"काहून आल्या, वहिनी?"

"तुझ्यासाठी जीव तुटून राहिला होता."

क्षमानं आत घेतलं, चहा टाकला.

"सुटून आल्यावर यांनी सगळं सांगितलं मला," क्षमा म्हणाली. "त्या मेंढीवाल्याचे हात वर होते म्हणे. गुणवंतभाऊ खोटं नव्हते बोलले."

"मग एवढी वर्षं..."

"मग मी रागावू कोणावर? नवऱ्यावर? त्याच्यासोबतच तर राहायचं होतं. तुमच्यावर रागावणं सोपं होतं."

वसुधाताईंनी तिचा हात धरला. क्षमानं तो थोडा वेळ तसाच राहू दिला, मग हळूच सोडवून घेतला.

"आता नका येऊ, वहिनी. तुम्ही दिसल्या की तो मेंढीवाला डोळ्यांपुढे येते."

वसुधाताईंनी चहा संपवला, कप मोरीत ठेवला आणि निघाल्या.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला परतलेल्या प्रणालीला फोन लावला. "तुझे बाबा बरोबर होते गं."

"कशाबद्दल?"

गुणवंतरावांनी साक्ष दिली तेव्हा प्रणाली पाळण्यात होती. नंतर तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वसुधाताईंनी सुरुवात केली, "दिवाकर म्हणून एक पोरगा होता त्यांच्या तुकडीत..."

"मम्मी, मी मीटिंगमध्ये आहे. रविवारी सांगशील?"

"अच्छा, चलो," वसुधाताई म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या. एका माणसाचं वरण, थोडासा भात.