माथ्यावरचा नारळ

भूतबित, बाहेरचं वगैरे ऐकलं की मला हसूच यायचं. कुणी सांगायला लागलं की पहिली खिल्ली माझी. त्यामुळे आता कुणी माझी उडवली तर हरकत नाही... पण सांगते.

मेलबर्नचा तो लांबलचक लॉकडाऊन उठला आणि मी अन् माझा नवरा निखिल ट्रुगानिना उपनगरातल्या घरातून थेट ब्राइटला पळालो. ऑस्ट्रेलियातल्याच आल्प्सच्या पायथ्याचं गाव. शेजारी पोरेपंका नावाचं आणखी छोटं गाव आणि त्याच नावाचा डोंगर — आपल्या सह्याद्रीवाल्यांना किरकोळ वाटेल असा. निखिल आयटीत असला तरी जीव तबल्यात. वीकेंडला झूमवर पोरांना शिकवायचा. माथ्यावर पोचलं की नारळ फोडायचा, ही त्याची पुण्यापासूनची सवय.

भर दुपारी वर पोचलो. लख्ख ऊन, दुसरं कुणी नाही. त्याने खडकावर नारळ आपटला. फुटेना.

"अरे, जोर लाव की! सगळा तबल्यावरच संपवलास का?" मी चिडवलं.

त्याने पुन्हा आपटला. पुन्हा... मग थांबेचना. नारळ निसटून घरंगळत गेला, तरी तो उजवा तळहात खडकावर आपटतच राहिला. हाड मोडल्याचा आवाज आला. रक्त माझ्या जॅकेटवर उडालं.

"निखिल, हात! अरे, तुझा हात!"

मी त्याला मागून ओढलं, शेवटी थोबाडीत मारली. तेव्हा कुठे तो खाली बसला.

गाडी मीच चालवली. वाटेत तो सारखा माझ्याकडेच बघत होता. हॉस्पिटलात कोविडमुळे फक्त पेशंटला आत सोडत होते. मी कार पार्कमध्ये रडत बसले. बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला.

"अगं, तुझं डोकं कसं आहे?"

"माझं?"

"खडकावर कपाळ आपटत होतीस! ओढलं तरी थांबेनास. मग काय करणार... मध्ये हात घातला."

एक्स-रे बघून डॉक्टरांनी मला फोनवरच सांगितलं, हात मागच्या बाजूने चिरडलाय. तळव्याला काहीच नव्हतं. मी तर तळवाच आपटताना पाहिला होता!

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. निखिलची दोन बोटं वळत नाहीत, तबला झाकून ठेवलाय. तो कधी कुरकुरला नाही. उलट मी केस विंचरायला बसले की येऊन माझं कपाळ चाचपून बघतो.

कपाळावर साधा ओरखडाही नाही.