बहीणभाऊ वेतकाम, मागची गल्ली

वेतवालीनं पहिला व्हिडिओ केला तेव्हा कपाटातले ठेवणीतले कपडे काढले, केस चापूनचोपून बसवले आणि दुकानाच्या मधोमध अशी ताठ उभी राहिली, जणू पासपोर्टचा फोटो काढायचाय. मग एका दमात म्हणाली, "नमस्कार. आमच्याकडे वेताच्या सर्व प्रकारच्या खुर्च्या व टोपल्या माफक दरात विणून व दुरुस्त करून मिळतील. एकवार अवश्य भेट द्या." आणि तोंड मिटून उभी राहिली.

समोर फोन धरलेल्या केकवालीनं फोन खाली केला.

"कसं झालं?" वेतवालीनं विचारलं.

"ताई, स्टेशनवर गाडी उशिरा येणार म्हणून सांगतात ना, अगदी तसं झालं."

केकवालीचं दुकान शेजारीच. वयानं लहान, जिभेनं तिखट. तिचेही दिवस एकेकाळी माश्या मारण्यात गेले होते; मग तिनं फोनवरून धंदा कसा वाढवायचा याचा एक वर्ग केला आणि तेव्हापासून तिच्या दारात माणसं उभी असत. शेजारीण मात्र दिवसभर एकटीच विणत बसलेली तिला बघवेना. एका दुपारी ती हाताचं पीठ झटकत आत आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या हातात जादू आहे हो, पण तुम्ही इथं आहात हे कुणाला ठाऊक तरी आहे का? मागची गल्ली, त्यात जिन्याखालचं दुकान. तुम्हाला शोधायला यायचं म्हणजे भूमिगत माणूस शोधण्यासारखं. आधी तुम्हाला नकाशावर टाकू. म्हणजे कुणीही, कुठूनही, नाव लिहिलं की तुम्ही सापडाल."

"कुणीही?" वेतवालीचा हात थांबला. "कुठूनही?"

"जगाच्या पाठीवर कुठूनही."

त्या एका वाक्यावर वेतवाली तयार झाली. का, ते केकवालीला तेव्हा कळलं नाही.

गोष्ट अशी होती. वेतवालीला एक धाकटा भाऊ होता. अंगानं काडी, म्हणून लहानपणापासून बारक्या. वडील खुर्च्या विणायचे आणि ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसून शिकली. वडिलांनी दुकानाच्या पाटीवर स्वतःचं नाव घातलंच नाही. 'बहीणभाऊ वेतकाम' असं रंगवून घेतलं आणि दोघांना फुटपाथवर उभं करून पाटी दाखवली. वडील गेले, प्लास्टिकच्या खुर्च्यांनी बाजार भरला, काम आटलं. बारक्याचा पाय तसाही एका जागी ठरणारा नव्हता. त्यानं मालवाहू जहाजावर भटारखान्यात नोकरी धरली. बहिणीनं अडवलं नाही. उलट त्याच्या पिशवीत लोकरीचे मोजे कोंबले आणि बंदरावर जाऊन हात हलवला.

सुरुवातीला फोन यायचे. "ताई, इथला समुद्र हिरवागार आहे, शेवाळलेल्या हौदासारखा." "ताई, आज कांदे चिरता चिरता जहाज इतकं हललं की निम्मे कांदे जमिनीवर आणि मी कांद्यांवर." मग ते विरळ झाले, पण थांबले नव्हते.

थांबले ते रस्ता रुंद झाला तेव्हा. जुनं दुकान रस्त्यात गेलं आणि दुकानाबरोबर तिथला फोनही. वेतवालीनं मागच्या गल्लीत जिन्याखालची जागा घेतली, वरच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं, आणि त्याच गडबडीत तिचा मोबाइल वेत भिजवायच्या टबात पडला. बारक्याचा नंबर त्या फोनखेरीज कुठंच नव्हता. दुरुस्तीवाल्यानं नवा फोन, नवा नंबर हातात दिला. तिनं त्याचा नंबर आठवून आठवून लावून पाहिला. एकदा एका बाईनं उचलला, एकदा एका गॅरेजनं. ज्या एजंटनं त्याला जहाजावर चढवलं होतं त्याच्या दाराला कुलूप होतं.

भांडण झालं असतं तर एकवेळ बरं, असं तिला वाटायचं. भांडण मिटवता तरी येतं. इथं काही बिनसलंच नव्हतं. दोन माणसं एकमेकांना नुसती सापडेनाशी झाली होती. वर्षं गेली. लग्नाचं राहून गेलं, त्याचं तिला फार वाटलं नाही. पण विणताना उजव्या हाताला कुणी बसलेलं नसे, ते मात्र रोज जाणवे.

म्हणून नकाशावर टाकताना केकवालीनं "नाव जरा आजच्या जमान्याचं ठेवू, केन स्टुडिओ वगैरे," असं सुचवलं तेव्हा वेतवाली एरवी कधी बोलत नसे इतक्या ठाम सुरात म्हणाली, "नाव तेच राहील."

"पण लोक विचारतील, भाऊ कुठाय?"

"सांगेन, बाहेरगावी गेलाय."

तर पहिला व्हिडिओ पडला. पाहिला तो केकवालीनं आणि केकवालीच्या सासरच्यांनी. केकवालीनं हार मानली नाही. तिनं उजेडात, खिडकीपाशी ठेवून मोडक्या खुर्चीचा फोटो काढायला लावला आणि विणून झाल्यावर त्याच जागी, त्याच कोनातून दुसरा. दुकान कधी उघडं असतं, कुठल्या जिन्याखाली, फोन कुठला, हे सगळं तिनं लिहून टाकलं. खूश होऊन गेलेल्या गिऱ्हाइकांना "दोन ओळी लिहा ना," असं म्हणायला लावलं; वेतवालीला ते मागताना इतकी लाज वाटे की ती वाक्य अर्धंच बोलायची आणि पुढचं गिऱ्हाईकच समजून घ्यायचं.

"आणि व्हिडिओत बोलताना," केकवाली म्हणाली, "सगळ्यांशी बोलू नका. सगळ्यांशी बोललं की कुणालाच ऐकू जात नाही. एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला काय माहीत नाही, तो कुठं अडतो, याचा विचार करा. आणि फक्त त्याच्याशी बोला."

वेतवालीनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती रोजच्याच कपड्यांत, पाटावर बसून, मांडीशी खुर्ची घेऊन बोलायला लागली. फोन उजव्या बाजूला ठेवायला सांगितला.

"हे बघ, वेत आधी पाण्यात चांगला भिजू दे. तुला कायमची घाई. कोरडा ओढलास की तडकतो, मग माझ्याकडं बघत बसतोस. आता उभे पट्टे झाले, आडवे झाले. तिरक्याला चुकू नकोस. इथं वरून, इथं खालून. असं नाही रे, खालून! हां. आता कसं सरसर जातंय." शेवटची पट्टी बसवून तिनं खुर्चीवर हाताची थाप मारली आणि वडील म्हणायचे तसं म्हणाली, "बसा, राजे!"

केकवाली फोन बंद करायचंच विसरली.

हा व्हिडिओ लोकांनी पाहिला. एकमेकांना पाठवला. प्रत्येकाला वाटलं, बाई आपल्यालाच रागावतेय. कुणा निवृत्त साहेबांनी लिहिलं, "आई गेल्यापासून मला इतक्या हक्कानं अरे-तुरे कुणी केलं नव्हतं. माळ्यावरची खुर्ची घेऊन येतोय." आणि ते खरंच आले, खुर्ची गाडीच्या टपावर बांधून. मग पुढच्या व्हिडिओत तिनं कुठली खुर्ची दुरुस्त होते आणि कुठली होत नाही हे सांगितलं. "ही टाकून दे रे बाबा, उगाच खर्चात पडू नकोस," असंही म्हणाली. त्यानंतर तर लोकांचा तिच्यावर जास्तच विश्वास बसला. जिन्याखाली खुर्च्यांची रांग लागली.

मेसेज यायचे, आणि प्रत्येकाची सुरुवात एकाच शब्दानं. ताई, माझ्या खुर्चीचं बघाल का. ताई, घरी येऊन नेता का. जगातला प्रत्येक माणूस अनोळखी बाईला ताईच म्हणतो, हे तिला का माहीत नव्हतं? तरी दर वेळी तो शब्द वाचला की ती हातातला वेत खाली ठेवायची, आणि पुढचा शब्द वाचला की परत उचलायची.

व्हिडिओ आणखी लोकांना दिसावेत म्हणून केकवालीनं थोडे पैसे भरून वेतवालीची फोनवर जाहिरातही लावून दिली होती. काही दिवसांनी तिनं त्या जाहिरातीचा हिशोब उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. जाहिरात कुठल्या भागातल्या लोकांना दिसावी, हे वेतवालीनं स्वतःच बदलून ठेवलं होतं. आसपासच्या वस्त्या काढून तिथं दूरदूरच्या बंदरांची नावं घातली होती.

"ताई, हे काय? अहो, शेजारच्या पेठेतल्या माणसाला तुम्ही दिसत नाही आणि समुद्रापलीकडच्याला दिसता! तिथून कुणी खुर्ची डोक्यावर घेऊन पोहत येणार आहे का?"

वेतवाली खाली बघून वेताचं टोक सोलत राहिली. मग म्हणाली, "खुर्ची नको यायला. तो आला तरी पुरे."

आणि तिनं सगळं सांगितलं. केकवाली तिच्यासमोर जमिनीवरच बसली. शेवटी तिनं नाक पुसलं, फोन उचलला आणि म्हणाली, "बरं. आता ऐका. ही एक जाहिरात गिऱ्हाइकांसाठी, आपल्या आसपासची. आणि ही दुसरी छोटी, बंदरांसाठी. ती तुमची. दोन्ही एकात कालवायच्या नाहीत, नाहीतर धंदाही जायचा आणि भाऊही सापडायचा नाही."

त्या दुसऱ्या जाहिरातीतून बरेच दिवस कुणाचंच काही आलं नाही. कुणी वेत कुठं मिळतो विचारलं, कुणी नुसतंच अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग एका सकाळी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज जाडाभरडा, म्हातारपणाकडं झुकलेला.

"ताई बोलताय ना? मी जहाजावर आचारी होतो. आता घरीच असतो. तुमचा व्हिडिओ बघत होतो, शेवटी तुम्ही थाप मारून म्हणालात, बसा राजे. माझा चहा हातातच राहिला बघा. आमच्या भटारखान्यात एक पोरगा होता, काडीसारखा. कप्तानाच्या खुर्चीचं बूड फाटलं तेव्हा त्यानं मासेमारीच्या दोरीनं विणून दिलं. आणि शेवटी थाप मारून हेच म्हणाला."

वेतवालीनं हातातली पट्टी खाली ठेवली. "बारक्या."

"आम्ही मेस्त्री म्हणायचो. म्हणायचा, ताईनं शिकवलंय, चुकलं की डोक्यात टपली मारायची."

"कसा आहे? कुठं आहे?"

"ते मला ठाऊक असतं तर आधी तेच सांगितलं असतं, ताई. तो एका बंदरावर उतरला, तिथल्या हॉटेलात काम धरलं. पुढं मी जहाज सोडलं आणि संपर्क तुटला. पण तब्येतीनं ठणठणीत होता." म्हातारा जरा अडखळला. "एक सांगू? जहाजावर असतानाच तो एकदा तुमच्याकडं आला होता. सुट्टीत. परत आला तेव्हा नीट जेवेना. म्हणाला, दुकान होतं तिथून गाड्या चालल्यात. आसपास विचारलं, सगळी नवी माणसं. फोन लागेना. दिवसभर तिथं उभा राहून परत आला म्हणे."

"चिडला होता का हो माझ्यावर?"

"छे. म्हणाला, ताई कुठंतरी विणत बसली असेल. आपल्यालाच शोधता आलं नाही."

फोन ठेवल्यावर वेतवाली दुकान तसंच टाकून निघाली. जुन्या जागी आली. रुंद रस्ता, मध्ये झाडांची पट्टी, दोन्हीकडून वाहनांचा लोंढा. पाटी पूर्वी साधारण कुठं होती याचा अंदाज तिला लागेना. तो कुठल्या बाजूला उभा राहिला असेल? इथून मागची गल्ली किती जवळ. दोन वळणं घेतली असती तर वेताचा वास आला असता. ती तिथं उन्हात उभी राहिली, इतकी की एका फळवाल्यानं "काही हरवलंय का?" म्हणून विचारलं. तिनं "हो" म्हटलं आणि चालू लागली.

दुकानात येऊन तिनं केकवालीला हाक मारली. या वेळी खुर्ची घेतली नाही. फोनकडं सरळ बघितलं.

"बारक्या, तू आला होतास, मला आज कळलं. दुकान मागच्या गल्लीत आहे. फळवाल्याच्या कोपऱ्यावरून आत, मग डावीकडं, जिन्याखाली. पाटी तीच आहे. मी वरच राहते. बाकी काही सांगायचं नाही."

"लोक म्हणतील, जाहिरातीसाठी रडगाणं लावलंय," केकवाली हळूच म्हणाली.

"म्हणू देत."

तो व्हिडिओ किती लांब गेला याचा केकवालीलाही पत्ता लागला नाही. लोकांनी आपापल्या दूरच्या भावांना पाठवला, बहिणींना पाठवला. कुणी बारक्याला अमुक शहरात पाहिल्याचं कळवलं; त्यातल्या काहींना वेतवालीनं फोनही केले, तो दुसराच कुणी निघाला. काहींनी चक्क "मीच तुमचा बारक्या" असं लिहिलं. केकवालीनं त्यांना एक साधा प्रश्न विचारायचा ठरवला, शेवटची पट्टी बसवल्यावर काय म्हणायचं. व्हिडिओत ते सगळ्या जगानं ऐकलं होतं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा दोघी हसून हसून बेजार झाल्या. मग वेतवाली एकटीच रडली.

धंदा मात्र जोरात आला. एका मोठ्या हॉटेलनं जेवणघरातल्या सगळ्या खुर्च्या पाठवल्या. वेतवालीनं दोन बायका हाताखाली घेतल्या, त्यांना पट्टे ओढायला शिकवलं, शेजारची रिकामी खोली भाड्यानं घेतली. नवी पाटी रंगवून घेतली, नाव तेच. जिच्या दुकानात दिवसचे दिवस कुणी फिरकत नसे, तिला आता जेवायला सवड काढावी लागे. बंदरांची ती छोटी जाहिरात तिनं बंद केली नाही. दर काही दिवसांनी केकवाली तिच्यात एखादं नवं बंदर घालून देई, न बोलता.

बारक्या अजून आलेला नाही.

परवाच्या दुपारी ती टबातून भिजलेला वेत काढत होती आणि फोन वाजला. पूर्वी ती ओल्या हातानंच झडप घालायची. आता आधी वेत निथळून ठेवते, हात पुसते, मग बघते. अनोळखी नंबर होता.

ताई, रविवारी दुकान उघडं असतं का?

तिनं ते दोनदा वाचलं. पुढं काही नव्हतं, नाव नव्हतं, खुर्चीचा फोटो नव्हता. आतून एका बाईनं विचारलं, "कोण आहे?"

"कळत नाही," ती म्हणाली. रविवारी ती एरवी दुकान बंद ठेवायची. तिनं लिहिलं, असतं, या, आणि वेत वाळायच्या आत खुर्चीकडं वळली.