सदऱ्यातली हवा

समुद्रपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे. तिथं राकेश गॅस कटिंग करायचा. हात साफ, तोंड फटकळ, आणि घाम असा की मे महिन्यात सदरा पिळला तर बादली भरावी. वर पत्रे, हातात जाळ, कूलर फक्त मालकाच्या केबिनमध्ये. मग हा पठ्ठ्या काय करायचा? ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी गळ्यातून सदऱ्यात सोडायचा आणि कॉक फिरवायचा. सदरा पुरीसारखा टम्म फुगायचा, राकेश डोळे मिटून ‘आहाहा’ करायचा आणि सगळे हसायचे.

हसायची नाही ती त्याची बायको, अन्नपूर्णा. शेजारीच तिची चहाची टपरी होती. एकदा राकेशनं गमतीनं तीच नळी तिच्या शेगडीवर धरली, तर विझत आलेला कोळसा भसकन पांढराफेक पेटला. तेव्हापासून तिनं धसका घेतला.

“तुम्ही काऊन अंगात हवा भरून राह्यले जी? भडका उडन एखांद्या दिवशी.”

“अवं, ऑक्सिजन सोता जळत नाई. कोरोनात लोक याच्याचसाठी वणवण फिरत होते. जीव वाचवते तो.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. दुसरं काही पेटलं की त्याला आवर घालू देत नाही, एवढंच. पण हे तिला कुठून सांगता येणार? मालकाकडे गेली, तर तो म्हणाला, “पंखा लावू ना पुढच्या महिन्यात.” पुढचा महिना म्हणजे पावसाळा! मग तिनं निदान राकेशची बिडी तरी सोडवली. रडली, अबोला धरला, जेवण सोडलं. राकेशनं खरंच बिडी टाकली. बाई बिचारी तेवढ्यावर सुखावली. पेटवणारंच गेलं तर पेटणार काय?

त्या दुपारी राकेशनं सदरा भरून घेतला, कॉक बंद केला आणि टेकून बसला. हवा गेली असं सगळ्यांना वाटलं. ती सुती कापडाच्या धाग्याधाग्यात मुरून बसली होती. पलीकडे वर्कशॉपमधल्याच चंदननं ग्राइंडर सुरू केला. अशा ठिणग्या रोज अंगावर पडायच्या आणि विझायच्या. आज एक बाहीवर पडली, ती विझली नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत गळ्यापर्यंत जाळ झाला.

अन्नपूर्णा टपरीतली बादली घेऊन धावली. पाणी ओतलं, ओलं पोतं टाकलं. विझलं तेव्हा सदरा उरलाच नव्हता.

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नजर चुकवली, तेव्हाच ती समजली. राकेश शुद्धीवर होता. तिला पाहून त्याचे ओठ हलले, तशी ती वाकली. भांडायला आली असं वाटलं की काय त्याला, कोण जाणे.

“अवं, म्या बिडी नोती पेटवली. तुई आन.”

“मालूम हाय जी मले.”

त्याच्या अंगावर हात ठेवावा अशी जागा कुठंच नव्हती. ती पलंगाची दांडी धरून उभी राहिली.